डाळ शिजेल तिथं घर

आप्पामास्तर गेल्याचं मला खानापुराहून आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं शाळेच्या दारात सांगितलं. बेळगावहून खानापूरवरून लोंढ्याकडं जाणारी गाडी तोवर निघून गेली होती. अंत्यदर्शन हुकलं ते हुकलंच, त्याची चुटपुट अजून आहे. तीन आठवड्यांनी गेलो, आणि ज्या प्रश्नावरून मी पाच वर्षं त्या माणसाचं डोकं खाल्लं होतं त्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं... विचारायला आप्पा उरले नव्हते तेव्हा.

आम्ही दोघं लोकल बोर्डाचे मास्तर. ज्या गावाला शाळा हवी ते गाव मास्तराला डोक्यावर छप्पर द्यायचं. कुठं देवळाची ओवरी, कुठं पाटलाच्या गोठ्यालगतची खोली. भाडं नाही, पण हक्कही नाही. पाटलाकडं लग्न निघालं की पाहुण्यांसाठी मास्तरानं खोली मोकळी करायची. आप्पांच्या बायकोनं, आम्हा सगळ्यांच्या आक्कांनी, अशा किती चुली मांडल्या आणि मोडल्या याचा हिशेब त्यांनाच ठाऊक. आप्पा निवृत्त झाले ते ऐन दुसऱ्या महायुद्धात. बेळगावचा कॅम्प शिपायांनी भरलेला, घरभाडी आभाळाला भिडलेली. मास्तराच्या पेन्शनीत टिळकवाडीत फार तर कुणाचा तरी व्हरांडा मिळाला असता. आप्पा म्हणाले, “टिळकवाडीत आपल्याला फकस्त पत्ता विचारायला परवडतंय रं.”

मग घर शोधणं सुरू झालं, आणि आप्पांची तऱ्हाही. घर बघायला जाताना पिशवीत मूठभर तूरडाळ आणि एक पितळी पातेलं. परसात तीन दगड मांडायचे, तिथल्याच विहिरीचं पाणी ओढायचं आणि डाळ शिजत घालायची. डाळ मऊ झाली तर पाणी चांगलं, घर पुढं बघायचं. टणक राहिली तर पातेलं उचलून चालू लागायचं. “भिंती कुणी बी रंगवतंय. पाणी रंगवता येत न्हाय,” असं त्यांचं म्हणणं. घरमालक चक्रावून जायचे. एका बाईनं तर करणीबिरणी असेल म्हणून आम्हाला हाकलूनच दिलं. मला मात्र या प्रकाराची भारी मौज वाटायची आणि सुट्टी असली की मी मागोमाग जायचो. कणकुंबीला जाळ नीट लागायच्या आत डाळ विरघळली. घरही जवळजवळ फुकटात पडत होतं. पण आप्पा भोवतालच्या रानाकडं बघत राहिले. “चार महिनं पावसात मी बोलू कुणासंगं? जळवांसंगं?” म्हणाले आणि परत फिरले.

निपाणीला मात्र सगळं जुळून आलं होतं. पायगोंडा म्हणून आप्पांचा जुना विद्यार्थी, तंबाखूचा व्यापारी. घरामागं दोन हवेशीर खोल्या, दारात पेरू, संध्याकाळी ओट्यावर मराठी-कानडी गप्पांचा फड. “मास्तर, भाडं कसलं? तुमच्या छड्या खाऊनच शाणा झालोय मी,” असं म्हणत त्यानं किल्ली पुढं केली. आप्पांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. तरी नेम तो नेम. पायगोंडानं मला आत पंगतीला ओढून नेलं. आप्पा आणि आक्का परसात आपल्या डाळीपाशी राहिले. मी जेवून बाहेर आलो तर पातेलं घासून पिशवीत गेलेलं. “डाळ शिजली न्हाय. पाणी जड हाय,” एवढंच आप्पा बोलले. पायगोंडा बिचारा हिरमुसला. माझा तर संतापच झाला. मूठभर डाळीपायी असलं घर सोडायचं म्हणजे काय!

शेवटी खानापूरला लाकडाच्या वखारीशेजारी दोन खोल्या मिळाल्या. दिवसभर करवतीचा आवाज आणि भुशाची धूळ, म्हणून भाडं परवडणारं. डाळ बेताची शिजली. आप्पा एका कानानं कमी ऐकायचे, तो कान वखारीकडं करून बसायचे. दर भेटीत मी निपाणीचा विषय काढायचो आणि ते दर भेटीत म्हणायचे, “शिजली न्हाय रं डाळ, मी काय करू?”

आप्पांच्या मागं तीन आठवड्यांनी गेलो तेव्हाही सवयीनं माझ्या तोंडून तेच गेलं, की आप्पा निपाणीला असते तर चार माणसांत असते. आक्का तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “भावजी, डाळीत मी चिंच टाकलती.”

आंबट पडलं की डाळ शिजत नाही, हे कुठलीही बाई सांगेल.

“पायगोंडा सोन्यासारखा मानूस. पन घर फुकटचं. उद्या त्याच्या लेकीचं लगीन निघालं की आमी परत ओवरीत. भाडं भरलं म्हंजे कुनी ऊठ म्हनत न्हाय.”

“मग तोंडानं सांगायचं आप्पांना.”

“लई हौसेनं बघत हुतं ते त्या खोलीकडं... कसं न्हाय म्हनू?”

“आणि त्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही?”

“कळलं न्हाय व्हय! डाळ चेपून बघताना चिंचेचं बोटूक त्यांच्याच हातात आलं. बाजूला काढून ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आनि म्हनालं, पानी जड हाय गं, चल.”

पाच वर्षं त्या माणसानं माझी बोलणी खाल्ली आणि बायकोचं नाव घेतलं नाही. नजर चुकवायला मी भिंतीकडं पाहिलं. भिंतीत ओळीनं खुंट्या होत्या, आक्कांनी स्वतः ठोकलेल्या. शेवटच्या खुंटीला आप्पांचा शाळेचा कोट होता, कोपरापाशी विरलेला. कुणा गरजू मास्तराला द्यायचा असेल तर मी घेऊन जातो, असं मी हळूच म्हणालो.

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

“ऱ्हाऊ दे तिथंच,” त्या म्हणाल्या. “ह्या घरातनं त्यास्नी कुनी हलवायचं न्हाय.”