देवघराची दारं

दौंडातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोललेलंही मला खपत नव्हतं. कासुर्डीच्या एका गिऱ्हाइकानं कापराच्या लाकडाची जुनी पेटी आणली होती आणि तिच्यातून देवघराची दोन दारं काढायची होती. जाड फळी मधोमध चिरून उघड्या पुस्तकासारखी मांडली, तेव्हा दोन्हीकडच्या तांबूस रेषा समोरासमोर जुळल्या. चूक झाली असती तर दुसरी फळी नव्हती. रंधा मारून झाला, आता पॉलिश घेणार, तोवर गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या आईनं घरून आणलेली हळद कालवली आणि कोऱ्या दारावर पाच बोटं उमटवली.

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा मुलगाच खेकसला, "आबा वारले तवापासनं तुझा हात शुभ कामाला चालतो व्हय? सुनेनं लावली असती की."

तिनं बोटं पदराखाली घेतली.

"मिस्त्री, तेवढं काढून टाका," मुलगा मला म्हणाला.

"आता न्हाई निघायची," मी म्हणालो. "लाकडात मुरली."

रंध्याचा एक हलका हात पुरला असता.