तीनच्या शोला आलेले पाहुणे

आमच्या दिग्रसच्या टॉकीजविषयी ज्यांना फारसे काही ठाऊक नाही, तेच सध्या तिच्याविषयी सर्वांत जास्त लिहीत आहेत. टॉकीज बंद पडून बरीच वर्षे झाली. यंदा तिची इमारतही पाडली. इमारत उभी होती तोवर तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नव्हते. पत्रे उतरले आणि गावातील प्रत्येक निवृत्त माणसाला हुंदका फुटला. त्यांतील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी स्मरणिका काढावयाचे ठरवले आणि तिचा कच्चा मजकूर ‘नजरेखालून घालावा’ म्हणून माझ्याकडे धाडला. मी तो नजरेखालून घातला. चौथ्या पानावर माझी नजर अडकली, ती पुढे आठवडाभर तेथेच होती.

चौथ्या पानाकडे येण्यापूर्वी काही किरकोळ असत्ये निकालात काढणे भाग आहे. पावसाळ्यात टॉकीजमध्ये गुडघाभर पाणी साचे, हे खोटे आहे. घोट्याइतके साचे, आणि तेही पुढच्या चार रांगांतच, कारण जमिनीला पडद्याकडे उतार होता. मी नेहमी तिसऱ्या रांगेत बसत असे, त्यामुळे माझ्या घोट्याइतका या विषयाचा दुसरा जाणकार नाही. पडद्याला भोक होते, हेही खोटे, ठिगळ होते. भोक आणि ठिगळ यांतील भेद ज्याला कळत नाही त्याने इतिहासाच्या वाटेस जाऊ नये. मध्यंतरात एक बकरी आत शिरे व चित्रपट संपेपर्यंत थांबे, हे मात्र खरे आहे. तिला तिकीट नसे.

मी कापसाचा ग्रेडर होतो. कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ताणावयाचा, धाग्याची लांबी पाहावयाची आणि प्रत सांगावयाची, एवढेच माझे काम. पण एकदा सांगितलेली प्रत मी कधी बदलली नाही. शेतकरी रागावले, व्यापारी रागावले, एकदा साक्षात माझे वडील रागावले. प्रत तीच राहिली. हे सांगण्याचे कारण पुढे कळेल.

आता काचेविषयी. चित्रपट चालू असताना आतल्या माणसाला बाहेर बोलवावयाचे झाले तर गेटकीपर काचेचा एक तुकडा कंदिलावर धरून काजळीने काळा करी, त्यावर बाभळीच्या काट्याने निरोप कोरी आणि तो वर ऑपरेटरच्या खोलीत पाठवी. तेथून त्या अक्षरांचा उजेड पडद्यावर पडे. चित्रपट थांबत नसे. नायक नायिकेला काही सांगत असे आणि त्याच्या छातीवर ‘अमुक यांनी तातडीने घरी यावे’ असे उमटे. पुढे काय झाले, तर गावातल्या एका प्रतिष्ठिताचे नाव असेच झळकले. त्यांनी घरी यवतमाळला कचेरीत जातो म्हणून सांगितले होते. त्यांचे वडील त्या वेळी बाल्कनीत बसले होते. त्यांनी घरी देवळात जातो म्हणून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी दोघेही मालकाकडे गेले, वेगवेगळ्या दारांनी. त्या दिवसापासून मालकाने फर्मान काढले: काचेवर नाव नको, फक्त काम लिहावे. ज्याचे असेल तो समजेल.

असा नियम इतर कोठे असेल असे मला वाटत नाही, आणि तो निमूटपणे पाळणारे गाव तर नक्कीच दुसरे नसेल. ‘म्हैस व्याली आहे, मालकाने यावे’ अशी काच आली तेव्हा चाळीस जण उठले, असे स्मरणिकेत म्हटले आहे. अकरा उठले. त्यांपैकी चौघांकडेच म्हशी होत्या. ज्याची म्हैस खरोखर व्याली होती तो गृहस्थ माझ्या शेजारी बसून होता, कारण त्याच्या हिशेबाने तिला अजून आठवडा होता. ‘घरी जावई आले आहेत’ या काचेला आमच्या टॉकीजच्या आयुष्यात एकही माणूस उठला नाही.

अशा टॉकीजमध्ये एका रविवारी, तीनच्या शोला, माझे लग्न ठरले.

मला पाहण्यास बाभुळगावहून पाहुणे सोमवारी येणार होते. ते रविवारीच आले. माझ्या सासऱ्यांचे मत असे की, बैल आणि जावई न कळवता पाहावा. घरी माझ्या आईने मुलगा टॉकीजमध्ये असल्याचे सांगितले, तेव्हा ते बसलेही नाहीत; पाचच्या बसने परत जावयाचे होते. आपल्या मेहुण्याला, म्हणजे मुलीच्या मामांना घेऊन ते तडक टॉकीजवर आले आणि त्यांनी काच लिहवली: ‘मुलगा पाहण्यास पाहुणे आले आहेत. मुलाने बाहेर यावे.’

येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. येथून पुढे चौथे पान सुरू होते. त्यात मुख्याध्यापक लिहितात: ‘गावातील झाडून सारे अविवाहित तरुण बाहेर धावले. पाचची बस सुटण्याच्या बेतात असल्याने मुलीच्या वडिलांनी हाताला लागला तो मुलगा पसंत केला. तो मुलगा म्हणजे आपल्या गावचे एक आदरणीय ज्येष्ठ नागरिक होत.’

ही थट्टा मुख्याध्यापकांची नव्हे. ती माझ्या सासुरवाडीची आहे, आणि तिचा उगम खुद्द सासऱ्यांत आहे. ‘गाडी सुटून राह्यली होती, म्हटलं हाच घ्या’ असे ते हयातभर सांगत. त्यांच्या पश्चात ही गादी माझ्या मेहुण्यांनी चालवली. पन्नास वर्षांहून अधिक काळ, प्रत्येक लग्नात, पहिली पंगत उठली की त्यांच्यातला एक जण म्हणणारच, “आमच्या ताईचा नवरा एसटीनं निवडला.” सारे हसत. माझी पत्नीही हसे. फक्त हसून झाले की प्रत्येक वेळी तिला आत काही तरी काम निघे.

माझी बाजू मी त्या प्रत्येक लग्नात मांडली आहे. काच आली तेव्हा मी सर्वांत प्रथम उठलो. मला स्वच्छ आठवते: मी ताठ उभा होतो आणि माझ्या आसपास दुसरे कोणीही उभे नव्हते. बाहेर आलो तर पायऱ्यांवर दोन पाहुणे होते, तिसरा माणूस नव्हता. ज्याच्या आधी कोणी नाही, तो पहिला. यात शंकेस जागा कोठे आहे?

चौथे पान मी पत्नीस वाचून दाखवले.

“हे छापले जाणार आहे,” मी म्हणालो.

“छापू द्या न. साऱ्या गावाले माईतच हाये.”

“गावाला चुकीचे माहीत आहे. मी पहिला बाहेर आलो आणि मला पसंत केले. यात घाईचा प्रश्न येतो कोठे?”

ती मेथी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “पह्यलाच आला अन् तोच घेतला, मंग घाईच झाली न? माहा बाप मेथीच्या चार जुड्या उलटूनपालटून पाहे, तवा एक घे. पोरीच्या वक्तालेच त्याले पह्यली जुडी पटली काय?”

पन्नास वर्षे मी जो पुरावा मांडत आलो तो माझ्याच विरुद्ध जात होता, हे या घरात कोणी मला आजवर सांगितले नव्हते. मी चौथ्या पानाची घडी घालून ते खिशात ठेवले.

“गेटकीपर जिता हाये अजून,” तीच म्हणाली. “चला, विचारू त्याले. मलेबी एकदा समजू द्या.”

गेटकीपर जिनिंग कारखान्याच्या मागे लेकीकडे राहतो. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा आहे. दृष्टी गेली आहे, पण ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने अडवण्याची सवय गेलेली नाही. मला त्याने अडवले, हाताला हात लावला आणि मी “दादा, ओळखले का?” म्हणताच म्हणाला, “तिसरी रांग! ग्रेडर साहेब! अन् संगं कोन हाये? बाई? या जी, बसा.”

मी विषय काढला. मी पहिला आलो एवढेच त्याने सांगावे, अशी माझी अपेक्षा होती. त्याने हात वर करून मलाच थांबवले.

“तेवीस पोट्टे निंगाले बाहीर. म्या मोजले न, वापस आत घ्याची पंचाईत होती. पोस्टरच्या काचीत तोंडं पाहून राह्यले, कोनी दाराच्या पडद्याले तोंड पुसून राह्यले. तुमच्या बाबूजीनं, बाई, सायकल स्टँडपाशी लाइन लावली साऱ्याइची. म्हणे, आलोच हावो तं सारेच तपासून पाहू. लय बारीक नजरेचा मानूस! एकाले म्हणे चालून दाखव. एकाले म्हणे दात दाखव. दोघं तं लगन झालेले होते. म्या म्हटलं, तुम्ही कायले आले बे? तं म्हणते, पाहून घेतो जरा, आजकाल काय काय इचारून राह्यले!”

“आणि त्या रांगेत मी सर्वांत पुढे होतो,” मी म्हणालो.

“तुम्ही नोते साहेब त्याच्यात.”

“मी नव्हतो?”

“तेवीसात तुम्ही नोतेच. म्या टॉर्च घेऊन तुमच्यापाशी आलतो, म्हटलं ग्रेडर साहेबाचंच असन काही. तं तुम्ही मले काय म्हणता? ‘माझे पाहुणे सोमवारी येणार आहेत. टॉर्च बंद करा.’”

पत्नीने पदर तोंडाला लावला. मी विचार केला. दिग्रसमध्ये त्या काळी असे वाक्य बोलू शकणारी दुसरी व्यक्ती नव्हती. वाक्य माझेच होते.

“मंग काय झालं?” पत्नीने विचारले.

“मंग काय! तेवीसच्या तेवीस फेल. अन् पाचची एसटी हॉर्न वाजवत समोरून गेली, अन् बाबूजी इकडं तेविसाव्याचे कानं पाहून राह्यले. मामा बोंबलले, ‘भाऊजी, गाडी गेली न!’ तं बाबूजी म्हणे, ‘जाऊ दे. गाडी उद्याबी हाये. पोरगी काय रोज देऊन राह्यलो काय?’”

पत्नी हसायची थांबली. तिने पदर खाली घेतला.

गेटकीपर पुढे सांगत होता. दोघे पायऱ्यांवर बसून राहिले. सहा वाजून दहा मिनिटांनी चित्रपट सुटला. त्या काळी शेवटी राष्ट्रगीत लागत असे, आणि ते लागण्याच्या सुमारास सारे लोक दाराकडे पळत सुटत, हे माझ्या पिढीस सांगणे नको. गर्दी ओसरल्यावर सासऱ्यांनी दारातून आत डोकावून पाहिले.

“पुऱ्या टॉकीजमंदी एकच मानूस उभा,” गेटकीपर म्हणाला. “एकदम सिद्दा. बाजूले बकरी. बाबूजी मले हळूच म्हणे, हा कोन हाये? म्या म्हटलं, याच्याचसाठी आले न तुम्ही! पुरं गाणं होईलोक पाहत राह्यले. मंग मामाले म्हणे, ‘चाल, झालं आपलं काम.’”

मी मनाशी हिशेब मांडला. मी उभा होतो, हे खरे ठरले. आसपास कोणी उभे नव्हते, हेही खरे ठरले. बकरी उभी होती, परंतु ती गणनेत घेण्याचे कारण नाही. बाहेर दोघांखेरीज तिसरा नव्हता, हेही खरे, कारण तेवीस जण नापास होऊन केव्हाच पांगले होते. सारा तपशील बिनचूक होता. क्रमांक तेवढा चुकला होता. आणि मग मला त्या संध्याकाळचे माझे पहिले वाक्यही आठवले. पायऱ्यांवर थांबलेल्या भावी सासऱ्यांस मी नमस्कार केला व म्हणालो, “आपण उद्या यावयाचे होते.”

घरी परतताना पत्नी दोन पावले पुढे चालत होती. अशी ती कधी चालत नाही.

“तुमच्या वडिलांनी मग बसची गोष्ट का रचली?” मी विचारले.

“गाडी चुकली असं माहा बाप कबूल करते काय? ‘आजलोक माही एकबी गाडी सुटली नाई,’ दर दिवाळीले म्हणे. लोकाइले सांगतलं, पाचच्या गाडीनं आलो. रातच्याले यवतमाळले उतरून मामाच्या घरी झोपला असन.” मग थोडे थांबून, “चोवीस पाह्यले म्हणजे.”

“तेवीस,” मी म्हणालो. “चोविसावा मी.”

“हाव. तेच म्हणतो मी.”

त्याच सायंकाळी मी मुख्याध्यापकांस फोन केला आणि चौथे पान दुरुस्त करण्यास सांगितले.

“म्हणजे आपण पहिले बाहेर आलात, असे लिहू?” ते कंटाळलेल्या आवाजात म्हणाले. “आपल्या समाधानासाठी घालतो तसे.”

“पहिला नाही. शेवटचा.”

“अहो, पण गेली कित्येक वर्षे आपणच…”

“म्हणत होतो. ते चुकीचे होते. तेवीस नाकारले गेले, बस गेली, आणि त्यानंतर मी आलो. शेवटचा. ठळक अक्षरांत.”

“लोक हसतील, साहेब.”

“त्यांना हसू द्या. परंतु यापुढे मी पहिला आलो असे जर कोणी म्हटले, तर त्याने माझ्याशी समोरासमोर वाद घालावा. माझी तयारी आहे.”

त्यांनी लिहून घेतले. मी ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले आणि दुसऱ्या वेळी एक स्वल्पविराम काढावयास लावला. आयुष्यात प्रथमच मी एक प्रत बदलली होती, आणि ती स्वतःची होती.

फोन ठेवून मी आत गेलो. पत्नी स्वयंपाकघरात भिंतीशी बसून तिच्या मोबाइलवर बोलत होती. आवाजावरून कळले, बाभुळगावचा धाकटा मेहुणा, तोच तो पंगतीतला.

“नाई रे भाऊ, आयक न आधी,” ती म्हणत होती. “गाडी गेलती. बाबा तवा बाहीरच बसून होता. सवा घंटा झालता गाडी जाऊन!”

सवा तास नव्हे; एक तास दहा मिनिटे. मी दारातच उभा राहिलो आणि काही बोललो नाही.