कोंबड्यांचं अंगण

दिल्ली कँटोन्मेंटमधल्या आमच्या क्वार्टरवरून एक बाई रोज बसस्टॉपकडे जायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. साडीवर पुरुषी स्वेटर, चाल भराभर. पण कोंबडी दिसली की पाय थांबायचेच.

आमच्या कोंबड्या तेव्हा वाळत चालल्या होत्या. दवाखान्यातलं जंताचं औषध दिलं की सुधारायच्या, मग पुन्हा विष्ठेत जंत दिसायचे. आई कंटाळली होती. आता सगळ्या देऊन टाकू, म्हणत होती.

एका सकाळी आई गावाकडच्या सवयीने दारापासून थेट खुराड्यापर्यंत सडा टाकत होती. बाई आत आल्या. एक कोंबडी अलगद उचलून, अंगावर मांस किती उरलंय ते बघायला त्यांनी तिच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला.

“औषध कोंबडीला दिलंत ताई, जमिनीला कोण देणार? जंतांची अंडी ओल्या मातीत जगतात.”

“माझं अंगण स्वच्छ असतं,” आई तुटकपणे म्हणाली.

“बिल्कुल. दारातलं अंगण ओलं ठेवा, कोंबड्यांचं कोरडं. खुराडं उन्हात सरकवा. सासूबाई काय दिल्लीला बघायला येणार आहेत?”

आई हसली नाही. पण संध्याकाळी आम्ही दोघींनी खुराडं उन्हाच्या बाजूला नेलं, जुनी जागा खरवडून काढली आणि पुन्हा औषध दिलं.

आईला असं तोंडावर सांगायचं मला कधी जमलं नसतं. त्या मात्र सांगून मोकळ्या झाल्या होत्या, ऐकलं जाईल अशा खात्रीने.

दुसऱ्या सकाळी आईचा सडा दारातच थांबला. बाई आल्या. त्यांनी कोंबड्यांकडे पाहिलंच नाही. वाकून खुराड्याजवळच्या जमिनीला हात लावला, तळवा झटकला आणि बस पकडायला निघून गेल्या.

कोंबड्या देऊन टाकायची गोष्ट आईने पुन्हा काढली नाही.