ताटावरची नजर

फोन आला तेव्हा मुक्ता, माझी मुलगी, वजनकाट्यावर उभी होती. अमरावतीच्या दवाखान्यात तिला सातव्या महिन्याच्या तपासणीसाठी नेलं होतं. डॉक्टरीणबाई काट्याकडे पाहून म्हणाल्या, "छान. असंच हळूहळू वाढू द्या वजन." तेवढ्यात अकोल्याहून धाकट्या दिरांचा आवाज कानात आला, "वहिनी, आई गेली." माझ्या सासूबाई. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. वय झालं होतं, आजारही होता, तरी मी भिंतीला टेकले. आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते असं, की बरं झालं, मुक्ताचं वजन त्यांना कळलं नाही...

आता महिना होत आला. भेटायला येणारे आत्याबाईंच्या हातच्या जेवणाचं कौतुक करतात. ते खोटं नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या त्या घरी भाजीचा धंदा. अंगणात मेथीच्या जुड्या, जिन्यावर संत्र्यांच्या पेट्या. दारी आलेला माणूस उपाशी परतला असं कधी झालं नाही. उपाशी होते ती मी. लग्नानंतर मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यापासून माझं ताट लहान होऊ लागलं. दुसरी भाकरी मागितली की आत्याबाई टोपली सरकवून ठेवायच्या. तूप माझ्यापर्यंत यायच्या आधीच संपायचं. ओरडणं नाही, टोमणा नाही. चुलीपाशी बसून त्या माझा एकेक घास पाहायच्या, बस्स. संध्याकाळी मात्र माझे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायच्या. मला काही हे गणित सुटत नव्हतं. सुनेला उपाशी ठेवणारी बाई तिचे पाय कशाला चोळेल?

डॉक्टरांनी बजावलं, वजन वाढत नाहीये, बाळाची वाढ खुंटेल. मी घरी येऊन सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "नाही वाढलं तं बरंच हाय." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, आईला अनुभव आहे. अनुभव कसला, ते मात्र कोणी बोलेना.

एका दुपारी कोठीच्या खोलीत शेंगदाणे-गूळ खाताना मी सापडले. वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्या जमिनीवरच बसल्या.

"माही बहीण होती, शांता. बाळापूरले देल्ली होती. तिले दिवस गेले तं मी डिंकाचे लाडू घेऊन जाय. खाय, खाय म्हनून मीच चारले. लेकरू मोठ्ठं झालं, अडलं... दोघंबी गेले. सुईन म्हने, इले एवढं चारलं कोनं?" त्यांनी माझ्या हातातला गूळ काढून घेतला. "लेकरू बारीक असलं तं बाई वाचते. तू कमी खाय, माय."

मी वाद घातला. म्हटलं, लाडवांनी कोणी मरत नाही, वेळेवर दवाखाना मिळाला असता तर मावशी वाचल्या असत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गूळ डब्यात टाकला. मग मी माहेरी जायचा हट्ट धरला. आज पाठवतो, उद्या पाठवतो म्हणता म्हणता मुक्ता वेळेआधीच आली. मुठीएवढी. काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या जिवाच्या बरगड्या दिसत होत्या. मी रडत होते आणि आत्याबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, चेहऱ्यावर चक्क समाधान. "तू वाचली ना," एवढंच म्हणाल्या. मुक्ता पुढे जगली, धडधाकट झाली, पण त्या तीन शब्दांचा राग मी जपून ठेवला. त्यांच्या हातचं जेवताना, त्यांच्या आजारपणात त्यांना भरवतानासुद्धा.

तेरावं आटोपून आम्ही अमरावतीला परतलो. दुसऱ्या दिवशी मुक्ता जेवायला बसली. बाळ चांगलं भरलंय, असं हौसेने सांगत होती. "अजून एक पोळी दे ना आई," म्हणाली, आणि मी पोळ्यांच्या डब्याला झाकण लावलं. माझ्याच हाताने.

"डबा काहून लावला व? भूक लागून राहिली ना मले."

मला सगळं कळतं. तिचं वजन वाढायला हवं तसंच वाढतंय, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मी डबा उघडला, पोळी वाढली, वर तूप घातलं आणि समोर बसले. शांतामावशींना मी कधी पाहिलेलं नाही, त्यांचा साधा फोटोही कोणाकडे नाही. पण मुक्ताने घास उचलला आणि मला वाटलं, ही त्यांच्यासारखीच तर दिसत नसेल... आत्याबाई इतकी वर्षं कशाला भीत होत्या ते त्या क्षणी माझ्या पोटात उतरलं. राग कुठे गेला कळलं नाही. तो असता तर बरं झालं असतं.

मुक्ता जेवायची थांबली. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आई, तू थोडी बाहेर जाऊन बस बरं. तू अशी पाह्यतं तं मले भेव लागते."

मी बाहेर येऊन बसले. ती पुढे जेवली की नाही, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.