नर्मदामावशीचा लांब श्वास

वॉर्डात बातमी अशी होती, की नर्मदामावशी ज्या पाळण्यावर वाकून श्वास घेते, ते बाळ घरी जात नाही. वसईतल्या त्या मुलांच्या इस्पितळात बायका एकमेकींच्या कानाला लागून हे सांगायच्या आणि मावशीची चप्पल वाजली की पोरांवर ओढणी टाकायच्या.

बातमी खोटी होती. श्वास मात्र ती खरंच घ्यायची. बावीस वर्षं ती तिथं आया होती, अर्नाळ्याहून पहिल्या बसनं यायची. जुलाबाच्या पोराचा लंगोट बादलीत टाकण्याआधी ती डोळे मिटून हुंगायची आणि सिस्टर रोझमेरीला सांगायची, हा घाण पान्याचा, हा थंडीवाला. संध्याकाळी लॅबचा कागद यायचा आणि बहुतेकदा तेच म्हणायचा.

थंडीवाल्याशी तिची जुनी ओळख. तिची लेक बायजा, दहा महिन्यांची, एका जानेवारीत त्यानंच नेली. पोटात टिकत नाही तर पाणी बंद कर, असं शेजारणी म्हणाल्या होत्या, आणि तिनं बंद केलं होतं. पुढं दर हिवाळ्यात तो आंबूस वास वॉर्डात यायचा. त्या दिवसांत मावशी बादलीशी बसून कुणाशी तरी हळू बोलायची, असं रोझमेरी सांगते.

मग सरकारी लसींत रोटाचे, म्हणजे या थंडीवाल्यावरचेच, थेंब आले आणि वास विरत गेला. पोरं येतच राहिली, पण भलत्याच जंतूंची. मावशी हुंगायची आणि मान हलवायची. हा वळखीचा नाय. दोन हिवाळे जुना फिरकलाच नाही.

यंदा जानेवारीत विरारहून कौस्तुभ आला. चौदा महिन्यांचा, डोळे खोबणीत गेलेले. बरोबर आई संपदा आणि पंधरा वर्षांची बहीण उन्नती. हे लिहिणारी तीच. नकलेत तिचा हात धरणारं सोसायटीत कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं मावशी उचललीसुद्धा: ओढता डावा पाय, कमरेवर मूठ, पाळण्यावर वाकणं आणि तो श्वास. समोरच्या बायका तोंडात ओढणी कोंबून हसल्या, आणि एकदम गप्प झाल्या. मावशी दारात उभी होती.

तिनं कौस्तुभचं डायपर उचललं, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग हसली. जुन्या ओळखीचं माणूस उंबऱ्यात दिसल्यावर हसावं तशी.

संपदानं झटकन बाळ छातीशी घेतलं आणि मावशीला लांब व्हायला सांगितलं. सलाइनला शीर सापडत नव्हती. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, असं डॉक्टर दोनदा बजावून गेले होते, तरी वाटी भरलेलीच होती. पाजलं की उलटतं, मग पाजायचंच कशाला, असं संपदाचं म्हणणं.

"थंडीवाला हाय," मावशी म्हणाली. "पानी पाज, बाई. चमच्यानं. मी नव्हतं पाजलं."

थेंबबिंब सगळं झालंय त्याचं, संपदा तुटक म्हणाली. उन्नतीला चेव चढला. रिपोर्टात रोटा निघाला तर सांगाल ते करेन, अशी पैज तिनं लावली. मावशीनं एकच मागितलं: माझी नक्कल, माझ्यासमोर, पुरी.

लसीचं कार्ड पिशवीच्या तळाशी सापडलं. डोंबिवलीचं घर हलवायच्या गडबडीत संपदाच डॉक्टरांना म्हणाली होती, शिफ्टिंग झालं की थेंब घेऊ. रोटाच्या थेंबांच्या तिन्ही चौकटी कोऱ्या होत्या.

संपदा कार्डाकडे बघत राहिली. मग तिनं आधी वाटी मावशीच्या हातात दिली, आणि नंतर बाळ.

मिनिटाला एक चमचा. उलटलं की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमचा. चारच्या सुमारास कौस्तुभ रडला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पाचला रिपोर्ट आला. रोटा.

उन्नती पैज फेडायला उठली. पाय ओढला, मूठ कमरेवर ठेवली, पाळण्यावर वाकली. या वेळी कुणी हसलं नाही. तिनं श्वास घेतला.

"आखूड घेतलास," मावशी म्हणाली. "मी लांब घेते."

उन्नतीनं डोळे मिटले आणि लांब घेतला. आंबूस, किंचित गोड काहीतरी आत गेलं आणि खाली बसलं. डोळे उघडणं तिला नकोसं झालं. मागून मावशीचा आवाज आला, अगदी कानाशी.

"आता थंडीवाला तुला पन वळखतो."