चंद्रभानची एजन्सी आणि दसऱ्याचा पोतारा

अकोल्याच्या जिनिंगमधली कारकुनी चंद्रभान राऊतनं अठ्ठावन्न साली सोडली आणि मुंबईच्या एका कंपनीची मच्छर मारायच्या औषधाची एजन्सी विकत घेतली. अमरावती तालुका अख्खा त्याच्या नावावर. जिनिंगचे शेटजी हसले, "मच्छर मारून पोट भरते काय कोनाचं? येशील परत."

"आलो तं तुमच्या दारात झाडू मारीन," चंद्रभान बोलून गेला. घ्या! असं बोलल्यावर माणसानं परत जायचं तरी कोणत्या तोंडानं?

दसऱ्याच्या तोंडावर त्यानं आधी अमरावतीचं आपलं घर फवारलं, मग जवळच्या वलगाव खेड्यात पन्नास घरं. औषध भिंतीवर बसलं की तीन महिने मच्छर फिरकत नाही, असं कंपनीनं छापलंच होतं. आठवडाभरात वलगावच्या पुंजाजी पाटलांनी त्याला चावडीवर बोलावलं आणि सगळ्यांदेखत मच्छर चावून सुजलेला आपला कान दाखवला. तक्रार मुंबईला गेली. पत्र आलं : दिवाळी झाली की साहेब वलगाव पाहतील, मच्छर दिसले तर एजन्सी काढून घेऊ.

चंद्रभान घरी कपाळाला हात लावून बसला, तर त्याच्याच मानेला मच्छर चावला.

"मनकर्णा, आपल्या भिंतीवरचं औषध कुठी गेलं?"

"पांढरे डाग पडले होते सगळीकडे," बायको म्हणाली. "दसऱ्याले घर तसंच ठेवू काय? मातीनं पोतारून टाकलं."

"वलगावच्या बायाईनंबी?"

"मंग! सणाले कोन नाई पोतारत?"

चंद्रभान पोट धरून हसला. जन्मभर दर दसऱ्याला पोतारलेल्या घरात राहिला, पण भिंतीकडे पाहील तर शपथ! बाप्यांचं हे असंच.

दिवाळीचा पोतारा अजून व्हायचाच होता. मनकर्णाबाई वलगावात घरोघरी चुलीपाशी जाऊन बसल्या. "यंदा आठ दिवस आधी पोतारा, बायांनो. भिंत वाळली का औषध मारू. मंग संक्रांतीपावतर भिंतीले हात लावाचा नाई." चंद्रभाननं सांगितलं असतं तर बायांनी कवाडच लावलं असतं. देवघरात आणि चुलीपाशी त्याला कोणी येऊ देईना, तिथं मनकर्णाबाईंनीच पंप चालवला.

साहेब आले. दिवेलागणीला पाटलांच्या ओसरीवर पँट गुडघ्यापर्यंत वर करून तासभर बसले. एक मच्छर चावला नाही.

"आमचे एजंट कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"मनकर्णाबाईले बोलवा रे," पाटील म्हणाले.

चंद्रभान पंप घेऊन तिथंच उभा होता. त्याला जरा लागलं, खोटं कशाला बोला. पण लगेच ऊर भरूनही आला.

"बरोबर हाय, साहेब," तो म्हणाला. "कागदावर माहं नाव हाय, ते तेवढं बदलून द्या."

नव्या वर्षाचा करार आला तो सौ. मनकर्णाबाई राऊत यांच्या नावानं. तिला वाचता येत नव्हतं. चंद्रभाननं मोठ्यानं वाचून दाखवला, आणि नाव आलं तिथं थांबून पुन्हा एकदा वाचलं.