नावडतीचा दुसरा दिवस

पंच्याहत्तर सालच्या सुमाराला सोजरबाईच्या पडवीत रोज दुपारी आमच्या गल्लीतल्या बायका विड्या वळायला बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हातही चालू आणि तोंडही चालू. त्यांच्यात महादेवी तेवढी विड्या वळायची नाही, कारण तिच्या हातात पुस्तक असायचं. त्या बायकांत वाचता येणारी ती एकटीच. ती वाचायची आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या जणी वळून तिच्या सुपात टाकायच्या. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे, पण कधी कुणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायची, त्यामुळं मला फक्त रविवारी तिथं बसायला मिळायचं.

पुस्तकं यायची सात रस्त्याजवळच्या एका लायब्ररीतून, भाड्यानं. तेव्हा एक नवीनच पीक आलं होतं. जुन्या राजा-राणीच्या गोष्टींना शर्ट-पँट चढवायची आणि प्रेमकथा म्हणून खपवायच्या. राजपुत्राचा इंजिनियर व्हायचा, घोड्याची फियाट व्हायची आणि राक्षसाच्या जागी मुलीचा मामा यायचा. त्यातल्या नायकाला कधी सर्दी व्हायची नाही. नायिकेनं भांडी घासलीच, तर दोन पानांत कुणीतरी येऊन तिचे हात हातात घ्यायचा. मला त्या पुस्तकांचा भारी राग यायचा. बायकांना मात्र ती जीव की प्राण. गोष्ट ओळखीची निघाली की त्यांना दुप्पट आनंद.

महादेवी वाचायची ती अगदी सपाट आवाजात. प्रेमपत्र असो की मरण, सूर तोच. दमलेली असायची बिचारी. पहाटे उठून भावाच्या घरचं पाणी, भाकऱ्या, धुणं, सगळं उरकून ती दुपारी पडवीत टेकायची. अक्कलकोटला तिच्या नवऱ्याचं, शिवयोगीचं, किराण्याचं दुकान होतं. लग्नानंतर चार वर्षांनी त्यानं दुसरी बायको घरात आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं. आईबाप गेलेले. भाऊ स्वभावानं चांगला, पण बायकोपुढं त्याची मान वर व्हायची नाही. त्या वहिनीनं, गंगम्मानं, महादेवीला कधी उपाशी ठेवलं नाही, पण घास मोजल्याशिवाय कधी वाढलाही नाही.

एका आठवड्यात जे पुस्तक आलं, त्यात एक कारखानदार साध्याभोळ्या बायकोला टाकतो आणि दुसरी करतो. टाकलेली शिकून डॉक्टरीण होते.

"अगं, ही तर आवडती-नावडतीची गोष्ट हाय की!" सोजरबाई लगेच म्हणाली. मग सगळ्यांनी महादेवीकडं पाहिलं. ती पुढं वाचत राहिली.

पुस्तक अर्ध्यावर आलं आणि अक्कलकोटाहून निरोप आला. दुसरी बायको वारली, लेकरं लहान आहेत, आई अंथरुणाला खिळली आहे, तर महादेवीनं परत यावं. बायकांनी यातलं फक्त "परत यावं" एवढंच ऐकलं. पुस्तकातलं घडायला लागलं म्हणून पडवीत नुसता आनंदीआनंद.

"असं कुटं असतं व्हय? ती गोष्ट हाय," मी म्हणाले.

"बाई, तुमी गप बसा. छापलेलं खोटं असतंय का?" सोजरबाईनं मला उडवून लावलं.

महादेवी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. मग बायकांनीच ठरवलं की रविवारी नवऱ्याला पडवीत बोलवायचं आणि शेवटचं प्रकरण त्याच्यासमोर वाचायचं. वाचता वाचता तिचं मन विरघळेल, अशी त्यांची खात्री होती. गंगम्मानं तर नणंदेची ट्रंक पुसूनसुद्धा ठेवली.

शिवयोगी एस.टी.नं आला. कॉलर मळलेली, डोळ्यांखाली काळं, हातात पेढ्यांचा पुडा. माणूस दुष्ट दिसत नव्हता, जागरणानं पिचलेला दिसत होता. बायकांनी त्याला चहा दिला, सतरंजीवर बसवलं.

"दाजी, आता ऐका," सोजरबाई म्हणाली.

महादेवीनं वाचलं. पावसात कारखानदार येतो, पाया पडतो, नायिका त्याला उठवते, दोघं फियाटमधून बंगल्यावर जातात. एक-दोघींनी डोळ्याला पदर लावला. मी महादेवीला चिकटून बसले होते. पुस्तक पानाच्या मध्यावरच संपलं होतं, खाली नुसता कोरा कागद होता. पण तिनं पुस्तक मिटलं नाही. त्याच सपाट आवाजात ती पुढं वाचत राहिली.

"दुसऱ्या दिवशी नावडती पहाटे उठली. तिनं पाणी भरलं. सासूचं अंथरूण बदललं, तिला पुसून काढलं. लेकरं रडत होती, म्हणत होती, तू आमची आई न्हवं. तिनं भाकऱ्या केल्या. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिला पाठ टेकायची होती, पण दळण राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी नावडती पहाटे उठली. तिनं पाणी भरलं."

पडवीतले हात थांबले होते. शिवयोगी पायाच्या नखाकडं बघत होता.

"आन राजा?" एकीनं हळूच विचारलं.

"राजा दुकानात होता," महादेवीनं वाचलं.

सोजरबाईच्या मांडीवरून सूप घसरलं. "अगं बया," ती म्हणाली, "हे तर माझंच लिवलंय की गं."

शिवयोगी उठला. "मी निरोपात काय खोटं सांगितलं नव्हतं," एवढंच तो बायकोकडं न बघता म्हणाला. ते खरंच होतं. पेढ्यांचा पुडा तसाच ठेवून तो एस.टी. गाठायला निघून गेला. मला त्याचीही दया आली, आणि ती आली म्हणून माझाच राग आला.

महादेवी गेली नाही. गंगम्मानं ट्रंक आपटून पुन्हा माळ्यावर टाकली आणि पुढं कित्येक वर्षं त्याबद्दल तिला ऐकवलं. एकदा मी महादेवीला विचारलं, इथंही दिवसभर राबतेसच, मग तिथं काय वेगळं होतं?

ती म्हणाली, "बाई, दमणं काय, हितं तितं सारखंच. पन तितं दमायचं, आन वर लई सुखात हाय म्हनून सांगायचं. तेवढं काय माझ्यानं झालं नसतं."